ओसरीवरची हलगी

दाढेला भूल देऊन डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर आणून बसवलं होतं. अर्धा गाल मेलेला, तोंडात कापसाचा बोळा. तेवढ्यात लाइट गेली आणि पाठोपाठ आली. समोरच्या भिंतीवर एक पांढरी वायफायची पेटी होती, ती परत सुरू झाली आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. दोनदा सावकाश, तीनदा भरभर, जरासा श्वास, मग एकच ठसका. परत पहिल्यापासून.

माझं बोट मांडीवर त्याच्याबरोबर वाजायला लागलं. थोड्या वेळानं माझं मलाच कळलं की मी दिव्याकडं न बघताही बरोबर वाजवतेय. ती लय मला पाठ होती.

"ही पेटी कुठल्या कंपनीची?" मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. बोळ्यामुळं तिला दोनदा ऐकावं लागलं.

"ओगले सिस्टिम्सची. आपल्या कोल्हापूरचीच आहे की कंपनी."

मी उठून पेटीजवळ गेले. चष्मा वर सरकवून खालचं लेबल वाचलं. 'पूर्णपणे स्वतः विकसित केलेलं फर्मवेअर. नक्कल करणं हा गुन्हा आहे.' मी हसले. अर्धं तोंड सुन्न असताना ते हसणं कसं दिसलं असेल देव जाणे, कारण ती मुलगी खुर्चीसकट मागं सरकली.

"दुखतंय का, काकू?"

"नाही," मी म्हटलं, "बरं वाटतंय."

सलील ओगलेच्या नावानं माझ्या पोटात आग का पडते, ते आधी सांगायला पाहिजे. मी तोंडानं फटकळ आहे, पण उगीच कोणाच्या नावानं बोटं मोडत नाही.

सलील, माझा नवरा विश्राम आणि मी एकाच कॉलेजात इंजिनिअर झालो. पुढं काही मित्रमैत्रिणी जमवून आम्ही मराठीतून चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. कॉम्प्युटर सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत सगळं मराठीत आणि सगळं फुकट. तिचं नाव ठेवलं 'ओसरी'. महिन्यातल्या एका रविवारी राजारामपुरीतल्या एका शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत आमची बैठक व्हायची. चहा, भडंग आणि भांडणं.

ओसरीचा एक नियम होता आणि तो आम्ही सोवळ्यासारखा पाळायचो. ओसरीच्या डिस्कवर जे काही जाईल, ते कोणालाही उघडून बघता आलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, दुसऱ्याला देता आलं पाहिजे. घोडं अडायचं ते फर्मवेअरपाशी. वायफायचं कार्ड नुसतं बसवून चालत नाही. त्याच्या आत एक छोटा प्रोग्रॅम घालावा लागतो, मग ते जागं होतं. तो प्रोग्रॅम कार्ड बनवणारी परदेशी कंपनी सीलबंद देते. आत काय लिहिलंय ते दाखवत नाही आणि दुसऱ्याला वाटायची परवानगीही देत नाही. असल्या वस्तू मूळ कंपनीकडनं कुठं मिळतात त्याचे नुसते पत्ते आम्ही एका वेगळ्या जागी ठेवले होते, ओसरीच्या मागची म्हणून त्या जागेला म्हणायचो 'परडं'. ज्याला पाहिजे त्यानं आपल्या जबाबदारीवर इंटरनेटवरून परड्यातनं घ्यावं, ओसरीवर आणू नये.

आता बघा गंमत. गगनबावड्याकडच्या काही शाळांना देणगीत कॉम्प्युटर मिळाले होते. तिथं इंटरनेट यायचं ते फक्त वायफायनं. वायफाय चालायला परड्यातली फाइल पाहिजे आणि परड्यात जायला वायफाय पाहिजे. मास्तर लोक फोन करून करून कंटाळले.

असंच एकदा सलील आमच्या घरी बसला होता. मी कांदेपोहे करत होते. विश्रामनं ही अडचण काढली, तर सलीलनं खिशातनं पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"ह्यात आहे फाइल. टाक ओसरीच्या डिस्कवर आणि दे पाठवून शाळांना. कोण बघतंय विश्या?"

"परवानगी नाही रे तिची."

"पोरांच्या शाळेसाठी आहे. तुला काय फाशी देणारेत? मी आहे की."

मी आहे की, असं म्हणाला. हे शब्द मी विसरलेले नाही.

विश्रामनं फाइल टाकली. उघडून बघितलीही नाही, नुसती टाकली. शाळांतलं वायफाय सुरू झालं. आणि काही महिन्यांनी त्या परदेशी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, आमची वस्तू विनापरवाना वाटताय म्हणून. ग्रुपचं तोंड म्हणून सलीलचं नाव लागायचं, त्यामुळं नोटीस त्याच्या नावावर आली होती.

पुढच्या रविवारी बैठकीला खोली गच्च भरली होती. सलीलनं नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "ओसरीवर विनापरवाना वस्तू चालत नाही. मग ती कोणी का आणलेली असेना. विश्राम, तुझ्या हातानं टाकलीस, तुझ्याच हातानं काढ. इथं, सगळ्यांसमोर."

मी ताडकन उठले. "सलील, पेनड्राइव्ह कोणी आणला होता?"

तो माझ्याकडं बघून मान हलवत हसला. "वैजू, तू नवऱ्याची बाजू घेणारच. घ्यायलाच पाहिजे." सगळी खोली हसली. आणि मी काही बोलायच्या आत विश्राम म्हणाला, "जाऊ दे, वैजू."

तो खुर्चीवर बसला. कॉम्प्युटरचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला होता. प्रत्येक अक्षर सगळ्यांना दिसत होतं. त्याचे कान लाल झाले होते आणि एकच शब्द त्याला दोनदा खोडून लिहायला लागला. फाइल काढली. सलीलनं टाळी वाजवली. नियम म्हणजे नियम, म्हणाला.

तेवढ्यावर भागलं असतं तर मीही गिळलं असतं. पण त्या माणसानं नोटिशीची प्रत विश्राम शिकवत होता त्या तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांना पाठवली. 'संस्थेच्या माहितीसाठी.' विश्रामला राजीनामा द्यायला लागला. त्याचेच विद्यार्थी चहाच्या गाड्यावर त्याला फाइलचोर म्हणायला लागले. कंपनीपुढं सगळं खापर ह्याच्या डोक्यावर फोडून सलील धुतल्या तांदळासारखा मोकळा झाला. विश्राम घरी बसून लोकांचे इन्व्हर्टर दुरुस्त करायला लागला. आमचं घर माझ्या पगारावर चालायचं. त्याची तक्रार नव्हती. माणूस गप्प झाला होता, एवढंच.

एक दिवस इन्व्हर्टरची झाकणं लावता लावता म्हणाला, "वैजू, आपणच लिहायचं का ते फर्मवेअर? कोऱ्या पाटीवर?"

हे काम करायची एक रीत असते. एकानं बघायचं, दुसऱ्यानं लिहायचं. बघणाऱ्यानं कार्ड बाहेरून कसं वागतं एवढंच सांगायचं. लिहिणाऱ्यानं मूळ कंपनीचा प्रोग्रॅम डोळ्यांनीसुद्धा बघायचा नाही. मग उद्या कोणी चोर म्हटलं तर छातीठोक सांगता येतं की बाबा, हे माझं आहे.

आमचं घर शिवाजी पेठेत, दोन खोल्यांचं, तालमीच्या भिंतीला भिंत लावून. मी स्वयंपाकघरात ओट्यावर कार्ड आणि कॉम्प्युटर मांडून बसायची, तो बाहेरच्या खोलीत. मधलं दार बंद. मी आतनं ओरडायची, "हाक मारली की दोनदा ओ देतंय. तिसऱ्यांदा मारली की गप." तो बाहेरनं विचारायचा, "गप म्हणजे किती वेळ गप?" दोन वर्षं हे चाललं. शेजारच्यांना वाटायचं आमचं बिनसलंय. सासूबाई गावाहून आल्या की म्हणायच्या, "समोरासमोर बसून भांडा की रे, दार लावून कसलं भांडण?"

ज्या संध्याकाळी कार्ड पहिल्यांदा आमच्या फर्मवेअरवर जागं झालं, तेव्हा शेजारी तालमीत हलगी कडाडत होती. कुठल्याशा कुस्तीच्या मैदानाची तयारी चालली असेल. विश्राम बराच वेळ ऐकत बसला. मग त्यानं कार्डाच्या दिव्याला तीच लय दिली. दोन सावकाश, तीन भरभर, श्वास, ठसका. "पैलवान उठला की हलगी वाजायला पाहिजे," म्हणाला. राजीनाम्यानंतर मी त्याला हसताना बघितलं ते त्या दिवशी. फाइलचं नावही त्यानं हलगीच ठेवलं.

ते फर्मवेअर आम्ही ओसरीला दिलं. सलील तोवर ओसरी सोडून स्वतःची कंपनी काढून बसला होता, त्यामुळं द्यायला जीव कचरला नाही. फर्मवेअरच्या परवान्यात साधी अट होती. कोणीही घ्या, वापरा, बदला, पाहिजे तर विकासुद्धा. पण पुढं देताना आतलं लिखाण उघडं ठेवा आणि ज्यानं लिहिलंय त्याचं नाव राहू द्या. ही अट मोडली की परवानगी त्या क्षणी संपली. ती परत द्यायची का नाही, ते फक्त लिहिणारा ठरवणार.

आणि आता ती हलगी दाताच्या दवाखान्यात 'स्वतः विकसित केलेली' म्हणून वाजत होती.

घरी जाऊन मी विश्रामला सांगितलं. तो सोल्डरिंग करत होता. वर न बघताच म्हणाला, "जाऊ दे. शाळा-दवाखान्यात चालतंय ना? त्यासाठीच लिहिलं होतं."

"तुझं नाव पुसून?"

"नाव घेऊन काय करायचंय आता?"

मी त्याच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातनं ती पेटी विकत आणली आणि कंपनीला रीतसर ईमेल केला, स्वतःच्या नावानं. मी तुमची ग्राहक आहे, ह्यातल्या फर्मवेअरचं मूळ लिखाण मला द्यावं. उत्तर आलं की ती आमची बौद्धिक मालमत्ता आहे, पुन्हा अशी मागणी केल्यास कायदेशीर कारवाई करू. खाली सलील ओगलेचं नाव. मागणी कोणाची आहे ते वाचायची तसदी घेतली नसणार.

तेव्हाच बोंब मारली असती तर त्याच्या लोकांनी एका दुपारीत दिव्याची लय बदलली असती आणि मला खोटं पाडलं असतं. म्हणून मी मूग गिळून बसले. घाई मला नव्हती. मला तो जास्तीत जास्त उंचावर चढायला पाहिजे होता. हे वाईट आहे असं ज्याला वाटतं, त्यानं आपल्या माणसाचे लाल झालेले कान बघितलेले नाहीत.

वर्षभरानं पेपरात सलीलचा हसरा फोटो आला. बंगळुरूची एक मोठी कंपनी ओगले सिस्टिम्स विकत घेणार होती. कोल्हापूरच्या मातीतलं संशोधन, स्वतःच्या हातानं लिहिलेलं फर्मवेअर, वगैरे वगैरे. मी बंगळुरूच्या कंपनीला तसलीच दुसरी एक पेटी, ओसरीची एक डिस्क आणि सलीलचा तो ईमेल असं कुरियर केलं. चार ओळी लिहिल्या. ह्या डिस्कनं एखादं वायफायचं कार्ड सुरू करा आणि त्याचा आणि पेटीचा दिवा शेजारीशेजारी लावून बघा, असं कळवलं.

चौथ्या दिवशी फोन आला. त्यांच्या मुख्य इंजिनिअर, नंदिता हेगडे. बेळगावच्या, त्यामुळं मराठी आपल्यासारखीच. "मी पुढच्या आठवड्यात ओगल्यांच्या ऑफिसला येतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं याल? मला सगळे एका टेबलावर पाहिजेत."

खरी अडचण घरात होती. विश्राम येणार नाही हे मला माहीत होतं, आणि आला तर त्याहून वाईट. सलील दोन गोड शब्द बोलणार आणि हा जाऊ दे म्हणून सगळं त्याच्या ओंजळीत घालणार. लिहिणारा तो होता. परवानगी द्यायची का नाही हे माझ्या हातात नव्हतंच.

मी विकत आणलेली पेटी त्याच्यासमोर ठेवली, उलटी, लेबल वर करून. त्यानं चष्मा लावला. 'नक्कल करणं हा गुन्हा आहे.' त्यानं ते वाक्य वाचलं, परत वाचलं, अंगठा त्याच्यावरनं फिरवला. मग उठला आणि इस्त्री तापत ठेवली. त्याच्या शर्टाला इस्त्री नेहमी मी करायची.

"कधी जायचंय?" त्यानं विचारलं.

सलीलचं ऑफिस गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत होतं. काचेची इमारत, आत शिरताच गारठा. आम्हाला बघून तो हात पसरून पुढं आला. "विश्या! किती वर्षांनी! वहिनी, या, बसा." पूर्वी मी वैजू होते. आता वहिनी झाले, म्हणजे तो घाबरला होता.

हेगडे मॅडम टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, केस आखूड, समोर लॅपटॉप आणि त्याच्याशेजारी सलीलची पेटी. भिंतीवर मोठा पडदा. बोलायला लागल्या त्या थेट.

"मिस्टर ओगले, हे फर्मवेअर कोणी लिहिलं?"

"आमच्या टीमनं. म्हणजे, सुरुवातीचं मी स्वतः."

"दिवा असा का लुकलुकतो?"

"ते स्टार्टअप इंडिकेटर आहे. तांत्रिक कारणासाठी टाकलंय."

मॅडमनी पेटीची वायर काढली आणि परत लावली. दिवा सुरू झाला. विश्राम तोवर खाली मान घालून बसला होता. त्यानं हात टेबलावर ठेवले आणि बोटांनी हलगी धरली. पेटीकडं त्यानं मानसुद्धा वळवली नाही. दोन सावकाश, तीन भरभर, श्वास, ठसका. दिवा आणि बोटं एकाच ठेक्यावर चालली होती. त्यानं तसं बराच वेळ वाजवलं. सलील आधी दिव्याकडं बघत होता, मग बोटांकडं, मग कुठंच बघेना.

"आमच्या शेजारी तालीम आहे," विश्राम मॅडमना म्हणाला. "हे लिहून झालं तेव्हा तिथं हलगी वाजत होती. दुसरं काही तांत्रिक कारण नाही."

मॅडमनी लॅपटॉप अर्धा मिटला. "ओगले, हे मिटवा. माझी कंपनी लिखाण उघडं ठेवायला तयार आहे, नावही देईल. पण तुमची परवानगी संपलेली आहे. ती ह्यांनी लेखी परत दिली तर आपला व्यवहार पुढं जाईल. नाही दिली तर मी संध्याकाळच्या गाडीनं परत."

सलीलनं खुर्ची विश्रामच्या जवळ ओढली. आवाज एकदम मऊ. "विश्या, पोरांनी कुठनं तरी उचललं असणार रे, मला पत्ताच नव्हता. तुझं नाव टाकू. मोठ्या अक्षरात टाकू. इथं ये कामाला, मुख्य म्हणून ये. झालं गेलं विसरू. एक ओळ लिहून दे फक्त. आपण एका ताटात जेवलेलो आहोत."

विश्राम त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मी पदर मुठीत आवळून बसले होते. मला त्याचे ओठ हलायला लागलेले दिसले आणि मी मनात म्हटलं, संपलं, आता म्हणणार जाऊ दे.

"विनापरवाना वस्तू काढायची एक पद्धत आहे," विश्राम म्हणाला. "सलीलनंच घालून दिलीय. ज्यानं टाकली त्यानं स्वतःच्या हातानं काढायची. सगळ्यांसमोर. आधी तेवढं होऊ दे, मग परवानगीचं बोलू."

सलीलला सुटका दिसली असावी. माफीच्या बदल्यात थोडा अपमान, एवढाच हिशेब त्यानं केला असणार. "हात्तिच्या, एवढंच ना? हे बघ काढतो." त्यानं स्वतःचा लॅपटॉप पेटीला जोडला, पासवर्ड टाकला. पेटीच्या आतलं सगळं भिंतीवरच्या पडद्यावर आलं. काळ्या पडद्यावर एक चौकोनी ठिपका उघडझाप करत होता.

आणि सलील थांबला.

त्यानं दोन-चार अक्षरं टाइप केली, खोडली. परत केली. पडद्यावर चूक म्हणून आलं. गार खोलीत त्याच्या कपाळावर घाम आला.

"फर्मवेअर कुठं ठेवलंय, माहीत नाही तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"आहे, माहीत आहे. हल्ली माझा हात नसतो ना ह्यात."

"मी सांगतो," विश्राम म्हणाला. वर्गात शिकवायचा त्याच आवाजात, शांत, सगळ्यात मागच्या बाकाला ऐकू जाईल असं. "आर एम. स्पेस. स्लॅश. लिब. स्लॅश. फर्मवेअर. घाई नको, नीट बघून लिही. परत स्लॅश. आता फाइलचं नाव."

"काय नाव?"

"तूच लिहिलंयस ना?"

सलील पडद्याकडं बघायला लागला.

"हलगी," विश्राम म्हणाला.

सलीलची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. चोरलेल्या फाइलचं नावसुद्धा त्याच्या लोकांनी बदललेलं नव्हतं, आणि त्यानं आपल्या पेटीत एकदाही डोकावून बघितलं नव्हतं. हेगडे मॅडम पडद्याकडं बघत होत्या. त्यांनी हळूच आपला लॅपटॉप पूर्ण मिटला.

"लिही," विश्राम म्हणाला. "एच. ए. एल. दोन एल नकोत, एकच. जी. आय. डॉट. बिन."

सलीलला एक शब्द दोनदा खोडायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. मी अगदी नीट बघून घेतले.

शेवटचं बटण दाबलं. पेटी बंद करून परत सुरू केली. विजेचा तांबडा दिवा लागला. त्याच्याशेजारचा हिरवा लागलाच नाही. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत बसलो होतो. मी टाळी वाजवली, एकदाच. राजारामपुरीतली ती टाळी माझ्याकडं जमा होती, ती परत केली.

सलीलनं घसा खाकरला. "झालं? आता दे ती ओळ लिहून."

"परवानगी ओसरीवर आहे," विश्राम म्हणाला. "सगळ्यांसाठी आहे. शाळेला आहे, दवाखान्याला आहे. ह्या मॅडमच्या कंपनीला पाहिजे तर त्यांनी उद्या थेट तिथनं घ्यावं, लिखाण आणि नाव सांभाळलं की झालं. त्यांना मला विचारायचीसुद्धा गरज नाही. विचारायला लागणार आहे तो एकटा तू. आणि मी नाही म्हणतोय."

सलीलच्या तोंडावर ते उतरायला थोडा वेळ लागला. जे विकायला तो बसला होता ते जगात सगळ्यांना फुकट मिळत होतं, त्याला सोडून. त्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडम पिशवी आवरत होत्या.

"विश्राम, इथं माणसं कामाला आहेत माझ्याकडं," सलील म्हणाला. "त्यांच्या घरचा विचार कर."

"माझ्याही घरी माणसं होती," विश्राम म्हणाला. "प्राचार्यांना पत्र टाकताना तू त्यांचा विचार केला होतास?"

एवढं कडक तो आयुष्यात कोणाला बोलला नव्हता. मलाही नाही.

"मॅडम, तुमची माणसं लागली तर इथलीच घ्या," तो मॅडमना म्हणाला. "काम येतं त्यांना. पेट्या चांगल्या बांधल्यात."

"घेईन," मॅडम म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "कुरियरमधली डिस्क मी बंगळुरूला ठेवून आले. आणखी एखादी मिळेल?"

मी पर्समधनं ओसरीची डिस्क काढून त्यांना दिली. मी दोन आणल्या होत्या. दुसरी टेबलावरनं सलीलपुढं सरकवली.

"ही तुला, सलील," मी म्हटलं. "वाटता येणार नाही, विकता येणार नाही. पण उघडून वाचायला तुलासुद्धा बंदी नाही. वाच एकदा, तू काय लिहिलं होतंस ते."

त्यानं डिस्कला हात लावला नाही. आम्ही बाहेर पडलो. स्कूटर सुरू होईना, म्हणून विश्रामनं ती थोडी तिरकी केली आणि परत किक मारली. मी मागं बसले. उजळाईवाडीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा त्याची बोटं हँडलवर वाजत होती, आणि त्यानं विचारलं की जाता जाता तांबडा-पांढरा खाऊनच जायचं का.